आठवा गडी

तबस्सुम हसली म्हणून मी अख्ख्या संघाला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या.

ऑक्टोबरचं ऊन होतं. शाळा सुटून अर्धा तास झाला असेल. दुपारच्या डब्यानंतर पोरींच्या पोटात काही गेलेलं नाही, हे मला माहीत होतं. खो-खोचा सराव चालला होता, सोजर पाठलागावर होती. खांबाजवळ वळताना तिचा पाय घसरला आणि ती फतकल मारून बसली, तीही नेमकी पाटीवर बसलेल्या तबस्सुमच्या अंगावर. तबस्सुमला हसू आवरेना. तिचं बघून सोजर हसली आणि मग सगळी रांगच खिदळायला लागली.

मी शिटी मारली.

"काय झालं एवढं दात काढायला?"

मी सोजरकडं वळले.

"सोजर, मागच्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलला काय झालं?"

"हरलो, बाई."

"कितीनं?"

"एका गुणानं."

"आणि तबस्सुमला हसू येतंय. दहा फेऱ्या. सगळ्यांनी. तबस्सुम पळणार नाही. ती इथं सावलीत उभी राहून मोजेल."

ही माझी ठरलेली शिक्षा होती. चूक एकीची, पळायचं बाकीच्यांनी, आणि चूक करणारीनं आरामात उभं राहायचं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून पळणाऱ्या पोरी सावलीतल्या पोरीकडं ज्या नजरेनं बघायला लागतात, ती नजर मला पाहिजे असायची. त्या नजरेवर संघ तयार होतो, असं मी मानत होते.

पण त्या दिवशी सहाव्या फेरीला तबस्सुम मोजायचं सोडून सरळ सोजरच्या शेजारी पळायला लागली. मी दोनदा ओरडले, ती थांबली नाही. दोघी बरोबरीनं पळत राहिल्या, आणि सोजर धापा टाकत तिला काहीतरी सांगत होती. उरलेल्या चार फेऱ्या मी नुसती बघत उभी राहिले. त्या चार फेऱ्यांत मी ठरवलं, ह्या दोघींना तोडायचं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. कवठेमाळच्या शाळेत मी पी.टी. शिकवत होते. मला सगळे ऐतवडे बाई म्हणत. सांगलीकडच्या त्या कोरड्या भागात आमच्या शाळेला ना इमारत धड होती, ना प्रयोगशाळा. होतं ते खो-खोचं मैदान आणि दोन सागवानी खांब. पाच वर्षं खपून मी चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ उभा केला होता. मागच्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या फायनलला गेलो आणि तालुक्याच्या मोठ्या शाळेकडून एका गुणानं हरलो. त्यांचे शिक्षक शिंत्रे सर. सामना संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पोरी चांगल्या पळतात तुमच्या. पण जत्रेत आल्यासारख्या खेळतात हो."

ते वाक्य मी वर्षभर गिळलं नव्हतं. आमचे हेडसर, मगदूम सर, त्यांनीही ते कुणाकडून तरी ऐकलं होतं. जूनमध्ये शाळा उघडल्याबरोबर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ह्या वर्षी ढाल आली तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षीपासून लेझीम बसवा. पाहुणे आले की निदान दाखवायला तरी होतं."

तर अशी मी त्या मैदानावर उभी होते, आणि माझ्या दोन उत्तम खेळाडू एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

सोजर मासाळ संघाची कॅप्टन. आजीचं नाव ठेवलेलं, ते तिला आवडत नसे. बाप मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर, घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. पायाला भिंगरी म्हणतात तशी पोरगी. तबस्सुम मुलाणी तिच्याच वर्गातली. गावात तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. अंगानं सोजरपेक्षा बारीक, पण सूर मारायची तेव्हा जमिनीला समांतर जायची. पहिलीपासून दोघी एका बाकावर. दुकानातल्या एका जुन्या सायकलवर डबलसीट यायच्या आणि डबलसीट जायच्या. मैदानावर एकीनं खो दिला की दुसरी मागं न बघता उठायची, इतकी त्यांना एकमेकींच्या पावलांची सवय होती.

मला वाटायचं, ह्या सवयीमुळंच त्या मऊ राहिल्यात.

दुसऱ्या दिवशी मी सोजरला खेळाच्या सामानाच्या खोलीत बोलावलं.

"दार लोट," मी म्हटलं. "तुला एक सांगायचंय. कॅप्टन आहेस म्हणून सांगते. मनाला लावून घेऊ नको."

"काय, बाई?"

"मागच्या वर्षी शेवटचा खो तू उशिरा दिलास, असं तबस्सुम सगळ्यांना सांगत फिरते."

सोजरचा चेहरा एकदम पडला. तो खो उशिरा गेला होता, हे तिला स्वतःलाच वर्षभर खात होतं. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर मी तिथंच बोट ठेवलं.

"असं म्हणाली?"

"आणखीही म्हणाली. जाऊ दे."

"काय म्हणाली, बाई?"

"म्हणाली, हिला बापाच्या मेंढरांमागं पळायची सवय. माणसांमागं पळणं हिला काय जमणार."

कोपऱ्यातल्या पोत्यातली एक लेझीम सोजरनं उचलली आणि परत ठेवली. मग म्हणाली, "जाऊ मी?"

"जा. आणि हे आपल्यातच. तिला विचारायला जाशील तर संघ फुटेल."

त्याच आठवड्यात तबस्सुमला गाठलं. ती खांबाजवळ रांगोळीनं पाट्या आखत होती. तिला मी सांगितलं की सोजर माझ्याकडं आली होती, तबस्सुमला पहिल्या नऊ जणींत घेऊ नका म्हणत होती.

"का पण?" तबस्सुमनं विचारलं. तिच्या हातातली रांगोळी तशीच बोटांतून खाली गळत होती.

"म्हणाली, त्या लोकांचा ऐन वेळेला भरवसा नसतो."

'त्या लोकांचा' हे दोन शब्द मी मुद्दाम घातले होते. घरी स्वयंपाक करताना वाक्य जुळवलं होतं मी. पोरगी चौदा वर्षांची सुद्धा नव्हती, पण तिला अर्थ विचारावा लागला नाही. ती खाली वाकली आणि उरलेल्या पाट्या आखायला लागली. त्या दिवशीच्या रेघा इतक्या सरळ आल्या होत्या, की मला अजून दिसतात.

त्यानंतर सायकल एकटी यायला लागली. सोजर रानातून पायी यायची. बोलणं बंद झालं, आणि मैदानावर मला हवं होतं ते सगळं सुरू झालं. तबस्सुम पळतीवर असली की सोजर तिच्यामागं अशी लागायची, की बघणाऱ्याला भीती वाटावी. सोजर पळतीवर असली की तबस्सुम तिच्यासाठी सूर मारताना कोपरं सोलून घ्यायची. सात मिनिटांच्या डावात पूर्वी पाच-सहा गडी बाद व्हायचे, ते आता आठ-नऊ व्हायला लागले. बाकीच्या सात जणींनीही आपापली बाजू धरली. चार इकडं, तीन तिकडं. डबे वेगळे, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. हसणं तर कुठल्या कुठं गेलं.

हेडसर एकदा संध्याकाळी मैदानावर येऊन गेले. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आता कसं! आता वाटतंय खेळायला आल्यात."

मी खूश होते. खोटं कशाला सांगू.

सातव्या इयत्तेतली रंजना नावाची एक पोरगी होती संघात, सगळ्यांत लहान. ती एकदा सराव संपल्यावर माझ्या मागं मागं ऑफिसपर्यंत आली.

"बाई, मी राखीवमध्ये बसू का?"

"का गं? चांगली पळतेस की."

"मला पोटात कसंतरी होतं."

"कधी?"

"ग्राउंडवर यायच्या टायमाला."

मी तिला दोन चापट्या मारल्या असत्या, पण माझ्या हातात हजेरीपट होता. "भित्री भागूबाई," म्हटलं, "उद्या पाच मिनिटं आधी यायचं." आली बिचारी.

नोव्हेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. सेमीफायनल आम्ही डावानं जिंकली. दुसऱ्या दिवशी फायनल, समोर तीच शाळा. शिंत्रे सर पांढरी टोपी घालून त्यांच्या बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी हात केला. मी केला नाही.

पहिल्या डावात त्यांनी आमचे सात गडी बाद केले, आम्ही त्यांचे सहा. दुसऱ्या डावात त्यांनी आणखी सहा केले. म्हणजे शेवटच्या सात मिनिटांत आम्हाला जिंकायला आठ गडी हवे होते.

डाव सुरू व्हायच्या आधी मी पोरींना गोल उभं केलं. सोजर आणि तबस्सुम समोरासमोर आल्या, आणि दोघींनी माना फिरवल्या.

"कुणाला काय सिद्ध करायचं असेल ते आता करा," मी म्हटलं. दुसरं काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पहिल्या तीन मिनिटांत तीन गडी गेले. पाचव्या मिनिटाला सहा. मैदानावर नुसतं 'खो, खो' चाललं होतं, आणि तो शब्द खेळातला वाटत नव्हता, शिवी दिल्यासारखा येत होता. सातवा गडी सोजरनं खांबावर टिपला. आता राहिले पंचवीस सेकंद आणि समोर त्यांची कॅप्टन, उंच, थंड डोक्याची मुलगी. मागच्या वर्षी हीच शेवटपर्यंत टिकली होती.

सोजर तिच्यामागं सुटली. ती मुलगी झुकांडी देऊन रांगेतून पलीकडं गेली, ती बरोबर तबस्सुमच्या समोर. तबस्सुमची पाटी खांबाशेजारची, तोंड त्याच बाजूला. एक खो मिळाला की काम झालं. पण सोजर तिच्या पाठीशी पोचली आणि क्षणभर थबकली. मला वाटलं, आता ही देत नाही. पुढच्या पाटीपर्यंत स्वतःच पळेल आणि सगळं घालवेल.

मग तिनं हात उचलला आणि दिला.

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. नियमाप्रमाणं पाठीला नुसता हात लावायचा असतो. हिनं उघड्या पंजानं, खांद्यापासून हात आणून मारला. मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. "खो!" म्हणून ती किंचाळली आणि तबस्सुम बाणासारखी सुटली. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला अंग झोकून दिलं. त्या उंच मुलीच्या टाचेला तिची बोटं लागली आणि तबस्सुमची हनुवटी जमिनीवर आपटली.

पंचांनी शिटी मारली. आठवा गडी बाद. आम्ही जिंकलो होतो.

मी उडी मारली. हेडसर बाकावरून उठून माझ्याकडं धावत आले. आमच्या गावातली दहा-बारा माणसं जीप करून आली होती, त्यांनी गुलालाचा पुडा फोडला. आणि मग हळूहळू सगळ्यांचे आवाज बसत गेले, कारण मैदानावर काहीच झालं नव्हतं.

माझ्या पोरी आपापल्या पाटीवर तशाच बसल्या होत्या. एकही उठली नव्हती. एकीनंही दुसरीला मिठी मारली नाही. सोजर तबस्सुमच्या रिकाम्या पाटीत बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, समोर बघत. तबस्सुम पालथी पडली होती आणि तिच्या हनुवटीखाली माती लाल होत होती. तिला उठवायला पहिली गेली ती समोरच्या संघाची कॅप्टन, जी आत्ताच बाद झाली होती.

शिंत्रे सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "जिंकलात ना तुम्ही?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय. मग पोरी मयतीला आल्यासारख्या का बसल्यात?"

"तुमच्या पोरी बघा तुमच्या," मी म्हटलं.

तबस्सुमला टाके घालावे लागणार होते. मैदानाला लागूनच दवाखाना होता. मला ढाल घ्यायला थांबायचं होतं, म्हणून मी सोजरला सांगितलं, कॅप्टन आहेस, तिच्याबरोबर जा. सोजरनं माझ्याकडं बघितलं, तबस्सुमचं दप्तर उचललं आणि चार हात अंतर ठेवून तिच्या मागं चालायला लागली.

पाऊण तासानं दोघी परत आल्या. ढाल माझ्या मांडीवर होती, बाकीच्या पोरी झाडाखाली बसून केळी खात होत्या. तबस्सुमच्या हनुवटीला मोठी पट्टी होती आणि अंगात सोजरचा सदरा. सोजर नुसत्या खेळाच्या बनियनवर. दोघींनी एकमेकींचा हात धरला होता.

"बाई," सोजर म्हणाली, "ही तसं म्हणाली नव्हती."

"काय?"

"मेंढरांचं. आणि मी पण तसं म्हटलं न्हवतं. भरवशाचं."

केळी खाणाऱ्या पोरी थांबल्या.

"कपडे रक्तानं भरले म्हणून नर्सबाईनं काढायला लावले," सोजर सांगायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता. "हिच्या पाठीवर माझी पाच बोटं उठली व्हती. टम्म. नर्सबाई म्हणल्या, कुणी मारलं गं हिला? मी म्हटलं, मी. त्या म्हणल्या, का? मला सांगताच येईना. मग मी हिला विचारलं, तू मला मेंढरावाली का म्हणालीस? तर ही म्हणती, मी कधी म्हणाले?"

सगळ्या पोरी माझ्याकडं बघत होत्या. चार इकडच्या आणि तीन तिकडच्या. मला तेव्हा काही बोलता आलं असतं. मी बोलले ते असं:

"मग काय झालं? जिंकलात की नाही?"

रंजनानं अर्धं केळं सालीत गुंडाळून ठेवलं.

परतताना मी ढाल घेऊन टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसले.

सोमवारी सकाळी ऑफिसात माझ्या टेबलावर नऊ जणींचे खेळाचे कपडे होते. धुतलेले, इस्त्रीसारख्या घड्या घातलेले, एकावर एक. तबस्सुमच्या सदऱ्यावरचा गळ्याजवळचा डाग पूर्ण गेला नव्हता. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

तीन आठवड्यांनी कोल्हापूरला विभागीय स्पर्धा होत्या. हेडसरांनी नऊ जणींना ऑफिसात ओळीनं उभं केलं. आधी गोड बोलले, गावातून मिरवणूक काढू म्हणाले. मग पी.टी.त नापास करीन म्हणाले. शेवटी टेबलावर पट्टी आपटली.

"अरे, गावाचं नाव निघतंय आणि तुम्हाला झालंय काय? का खेळायचं नाही?"

कुणी माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं, घेतील. सोजर एवढंच म्हणाली, "नको वाटतंय, सर."

"नको वाटतंय म्हणजे?"

"खेळावंसं वाटत न्हाई."

पालकांना बोलावणं गेलं. सोजरची आई आली. काळी, उंच बाई, डोक्यावर पदर, पायात वहाणा नाहीत. हेडसरांनी तिला सांगितलं की पोरगी राज्याला खेळेल, खेळाडू म्हणून उद्या पोलिसात नोकरी लागेल, तिला समजवा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळली.

"बाई, पयली ही ग्राउंडवरनं आली की दारात धाकट्या दोघींना बसवायची आन् खो-खो करायची. मी भाकरी थापताना मला पण उठवायची, आये, तू पळ म्हणायची. मी वरडायचे हिच्यावर. आता दोन म्हयने झालं, येती ती भिंतीकडं तोंड करून पडती. सणाला पोळी केली तर खाल्ली न्हाई. तुमी काय शिकीवलं हो हिला?"

"आम्ही तिला जिंकायला शिकवलं," हेडसर म्हणाले.

"मंग पुरं झालं की," ती म्हणाली. "जिंकली न्हवं एकदा." आणि पोरीचा दंड धरून निघून गेली.

कोल्हापूरला आमच्या जागी शिंत्रे सरांचा संघ गेला. त्यांचं मला एक पोस्टकार्ड आलं. त्यात आभार होते आणि खाली एक ओळ होती, 'काय घडलं ते मला कळलं आहे, कुणाला सांगणार नाही.' ते कार्ड मी त्यांच्यावर चिडून फाडलं. तेव्हा मला सगळ्यांचाच राग येत होता. पोरींचा जास्त.

आता ही रीत मी कुठं शिकले ते सांगायला हवं.

मी स्वतः राज्याला खेळले आहे. माझी एक मैत्रीण होती, नलू. आमच्या वर्गातली, माझ्याच संघातली, माझ्याच गल्लीतली. मी तेरा वर्षांची असताना आमच्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की नलू तुला लंगडी म्हणते, तुझ्यामुळं संघ मागं राहतो म्हणते. माझा एक पाय जरासा आखूड आहे. मी त्या दिवशी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून अशी पळाले की दोन वर्षांत राज्याच्या संघात गेले. सरांचे मी आयुष्यभर उपकार मानले. नलूशी पुन्हा बोलले नाही. तिच्या लग्नाला गेले नाही. ती बाळंतपणात गेली तेव्हा तिच्या आईला भेटायलासुद्धा गेले नाही.

तो कपड्यांचा गठ्ठा कपाटात ठेवताना, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की नलू तसं म्हणालीच नसेल.

मी कपाटाचं दार धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. शिपाई येऊन म्हणाला, बाई, घंटा झाली.

पुढं मी अठरा वर्षं त्या शाळेत काढली. लेझीम बसवली, कवायत घेतली, शिवणकामाचे तास घेतले. खो-खोच्या खांबांना मी हात लावला नाही. सोजर बारावी झाली, लग्न करून आटपाडीकडं गेली. भेटली की नमस्कार करते, मुलांची नावं सांगते. खेळाचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही. तबस्सुम नर्स झाली. टाक्यांच्या वेळी भेटलेल्या त्या नर्सबाईमुळं झाली, असं तिच्या वडिलांनी मला एकदा सांगितलं.

पण मी त्याच डिसेंबरात तिच्या घरी गेले होते, ते सांगायचं राहिलं.

शाळा सुटल्यावर गेले. दुकान आणि घर एकाच दारात. तिचे अब्बा एका ट्यूबला पंप मारत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढं केलं.

"बसा ना, बाई."

"नको. तबस्सुम आहे?"

त्यांनी हाक मारली. ती बाहेर आली. हनुवटीवरची पट्टी निघाली होती, तिथं तिरपा, गुलाबी व्रण होता. ओले हात ओढणीला पुसत ती चौकटीत उभी राहिली. सोजरकडं मी आदल्या दिवशी जाऊन आले होते. ती मला बघून मागच्या दारानं रानात निघून गेली होती आणि अंधार पडायला लागेपर्यंत आली नव्हती.

"तबस्सुम," मी म्हटलं, "सोजर तुझ्याबद्दल तसं कधीच बोलली नव्हती. ते मी रचलं होतं."

"माहीत आहे, बाई."

"ते शब्द माझे होते. त्या लोकांचा वगैरे. माझ्याच डोक्यातले."

तिच्या वडिलांचा पंप थांबला. त्यांना हे माहीत नव्हतं. तिनं घरी सांगितलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, खाली ट्यूबकडंच बघत राहिले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. विद्यार्थ्यासमोर हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते आणि ते माझ्या तोंडात बसत नव्हते. "मला माफ कर."

तिनं एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. कठीण गणित दिल्यावर पोरं बघतात तशी. मग तिनं अगदी हळू विचारलं, "बाई, माफ केलं तर परत ग्राउंडवर यावं लागंल का?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग केलं," ती म्हणाली, आणि आत गेली.